मासिक कोणाच्या नावावर आहे?

पत्राचा सारांश: रत्नागिरी जिल्ह्यातील समुद्रकाठच्या एका गावातून हे पत्र आले आहे. पत्रलेखक ३७ वर्षांचे आहेत, शिक्षणाने अभियंता. पुण्यात नऊ वर्षे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केल्यानंतर २०२० च्या टाळेबंदीत ते गावी आले आणि परत गेले नाहीत. गेली तीन वर्षे ते तंत्रज्ञानावर एक मराठी मासिक काढतात. मच्छीमार, बागायतदार, दुकानदार आणि दुरुस्तीची कामे करणारे कारागीर हे त्यांचे वाचक. वर्गणी वर्षाला ३०० रुपये, वर्गणीदार ६४०. जाहिरातींचे वर्षाकाठी साधारण ७० हजार येतात आणि छपाई, टपाल, किरकोळ मिळून ३ लाख ७ हजार जातात. आजवरची तूट पदरमोड करून भरली, पण आता शिल्लक संपत आली आहे. मुंबईच्या एका माध्यम कंपनीने मासिकाचे नाव आणि वर्गणीदारांची यादी विकत मागितली आहे, शिवाय दोन वर्षे संपादक म्हणून पगार देऊ केला आहे. उत्तर पंधरा दिवसांत हवे आहे. मुंबईतलेच मामेभाऊ दहा लाख घालून निम्मी भागी घ्यायला तयार आहेत, मात्र "कागदपत्रांचे गणपतीत आलो की बघू" असे त्यांचे म्हणणे. तिसरी वाट पुण्याच्या नोकरीची. ‘पीसी मॅगझिन’ या संगणकावरच्या अमेरिकी मासिकाचे संस्थापक डेव्हिड बनेल हे पत्रलेखकांचे दैवत आहे. "ते माझ्या जागी असते तर त्यांनी मासिक विकले असते का? आणि मी विकले, तर मी हरलो असे होईल का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आणि सोबतचे चार अंक मिळाले. पत्राआधी मी अंक वाचले. मासिक चालवणाऱ्याची खरी हकीकत पत्रापेक्षा अंकात लवकर सापडते, असा माझा अनुभव आहे.

एक अंक पडवीत राहिला होता. शेजारच्या काकी कोकम द्यायला आल्या, त्यांनी तो चाळला आणि एका पानावर थांबल्या. खाऱ्या हवेत इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड का धरते, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती कशी काढायची, त्याआधी कोणती वायर सोडायची आणि शेवटी व्हॅसलिनचा हात का फिरवायचा, असे ते पान. आकृती तुम्ही हातानेच काढलेली दिसते. काकींनी ते पान मागून नेले. दोन दिवसांनी त्यांच्याकडे गेले, तर इन्व्हर्टर ठेवलेल्या कपाटाच्या दाराला आतून, भाताच्या शितांनी ते चिकटवलेले होते. "ह्या आधी कोणी सांगल्यान नाय," असे त्या म्हणाल्या. बॅटरी बसवून देणारा माणूस वर्षातून दोनदा येतो, पैसे घेतो आणि जातो. त्यानेही सांगितले नव्हते.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते, आणि तुमच्या दैवताच्या चरित्रापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या मनातले बनेल आणि प्रत्यक्षातले बनेल यांत बरेच अंतर आहे असे मला वाटते. एका माणसाने सगळे पणाला लावून मासिक काढले, ते प्राणपणाने सांभाळले आणि मोठे केले, अशी ती गोष्ट तुमच्या पत्रात येते. प्रत्यक्षात बनेल हे नेब्रास्का राज्यातल्या अलायन्स नावाच्या लहान गावचे, तिथल्या वृत्तपत्राच्या संपादकाचे चिरंजीव. त्यांनी काही काळ शाळेत शिकवले. १९७३ मध्ये ते न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात एमआयटीएस या कंपनीत तांत्रिक लेखक म्हणून लागले. म्हणजे यंत्रासोबत जी माहितीपुस्तिका येते, ती लिहिणे हे त्यांचे काम. याच कंपनीने १९७५ च्या सुरुवातीला अल्टेअर ८८०० हा संगणक बाजारात आणला, आणि तो विकत घेणाऱ्यांसाठी बनेल यांनी ‘कॉम्प्युटर नोट्स’ नावाचे वार्तापत्र काढले. बिल गेट्स यांनी सॉफ्टवेअरच्या फुकट नकला करणाऱ्या हौशी मंडळींना उद्देशून लिहिलेले प्रसिद्ध पत्र १९७६ च्या फेब्रुवारीत त्यातच छापून आले होते. पुढच्याच महिन्यात बनेल यांनी अल्टेअर वापरणाऱ्यांचे संमेलन भरवले. हे सगळे पगारी नोकरीत झाले. वाचक कोण आहे, तो कुठे अडतो, कोणत्या शब्दाला बिचकतो, हे त्यांनी दुसऱ्याच्या खर्चाने शिकून घेतले आणि मग मासिके काढली.

‘पीसी मॅगझिन’ १९८२ मध्ये निघाले. भांडवल टोनी गोल्ड यांचे होते. मासिक झपाट्याने वाढले आणि त्याच वर्षी विक्रीची वेळ आली, तेव्हा ते कोणाला विकायचे यावरून वाद झाला. संस्थापक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा त्यात हिस्सा किती, हाही वादाचाच मुद्दा ठरला. भांडवलदारांनी मासिक झिफ-डेव्हिस या प्रकाशनसंस्थेला विकले. बनेल यांच्यासोबत जवळजवळ सगळे कर्मचारी बाहेर पडले आणि पॅट्रिक मॅकगव्हर्न यांच्या आयडीजी या संस्थेच्या आधाराने १९८३ मध्ये ‘पीसी वर्ल्ड’ निघाले. पुढच्या जानेवारीत मॅकिंटॉश संगणकाबरोबर ‘मॅकवर्ल्ड’ आले. तेव्हा "त्यांनी विकले असते का" या तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे, की तो निर्णय त्यांच्या हातातच उरला नव्हता. ज्या मासिकामुळे तुम्ही त्यांना दैवत मानता, ते वर्षभरात त्यांच्या हातून गेले, आणि त्यांची उमेदीची वर्षे त्यानंतरची आहेत.

या धंद्यातले दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. वेन ग्रीन हे १९६० पासून हौशी रेडिओवाल्यांसाठी ‘७३’ नावाचे मासिक काढत होते, आधी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधून आणि पुढे न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो गावातून. त्यातल्या संगणकावरच्या लेखांना वाचकांचा प्रतिसाद मिळतो आहे असे पाहून त्यांनी वेगळे मासिक काढायचे ठरवले, स्वतःचे छोटे वार्तापत्र चालवणाऱ्या कार्ल हेल्मर्स यांना संपादक म्हणून आणले आणि सप्टेंबर १९७५ मध्ये ‘बाइट’चा पहिला अंक निघाला. काही महिन्यांतच मासिक ग्रीन यांच्या हातून गेले. त्यांच्या कचेरीचा कारभार त्यांच्या पूर्वपत्नी पाहत होत्या, आणि ‘बाइट’ची मालकी त्यांच्याकडे राहिली. चूक कोणाची, हा आपला विषय नाही. कागदावर नाव कोणाचे होते, एवढेच आपल्या कामाचे. ग्रीन यांनी मग दुसरे मासिक काढायचे ठरवले आणि त्याला ‘किलोबाइट’ असे नाव योजले, तर त्या नावावरही ‘बाइट’ने हक्क सांगितला, शेवटी ते जानेवारी १९७७ मध्ये ‘किलोबॉड’ या नावाने निघाले. ‘बाइट’ १९७९ मध्ये मॅकग्रॉ-हिल या बड्या प्रकाशनसंस्थेने विकत घेतले.

या दोन हकीकती इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण तुमच्या मामेभावाचे ते वाक्य आहे. पत्रात तुम्ही ते सहज, जवळजवळ कौतुकाने लिहिले आहे. मला मात्र सगळ्या पत्रात तेच सर्वांत धोक्याचे वाटले. भाऊ वाईट आहे असे मी म्हणत नाही. आपल्याकडे घरातल्या माणसाकडे कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे असे समजतात, आणि सामाईक विहिरीपासून कलमांच्या बागेपर्यंत किती घरे त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढली, हे तुम्हाला मी सांगायला नको. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार तोंडी भागीदारीही भागीदारीच असते. वेगळा करार नसेल तर नफा-तोटा समान वाटला जातो, आणि संस्थेच्या देण्याला प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेसह बांधील राहतो. मामेभावाने उद्या उत्साहाच्या भरात संस्थेच्या कामासाठी उसनवारी केली, तर ती तुमच्या दारात येऊ शकते. शिवाय संस्थेची नोंदणी नसेल, तर तिला तिची येणी कोर्टात मागता येत नाहीत. म्हणून पैसे घ्यायचेच असतील, तर गणपतीची वाट न पाहता आधी कागद करा. मर्यादित दायित्व भागीदारी हा प्रकार २००८ च्या कायद्याने उपलब्ध आहे, त्याचाही विचार सनदी लेखापालांबरोबर करा. आणि निम्मी भागी का, हे विचारा. तीन वर्षांची तुमची तूट आणि न घेतलेला पगार धरला, तर तुम्ही आधीच किती घातले आहे, याचा आकडा कागदावर मांडल्याशिवाय निम्मे म्हणजे किती, ते दोघांपैकी कोणालाच कळणार नाही.

तो आकडा तुम्ही मांडलेला नाही, हे मला जरा खटकले. तुमचा हिशेब मी पुन्हा करून पाहिला. वर्गणीचे १ लाख ९२ हजार, जाहिरातींचे ७० हजार, म्हणजे जमा २ लाख ६२ हजार. खर्च ३ लाख ७ हजार. तूट ४५ हजारांची. कागदावर ही तूट इतकी लहान दिसते की आणखी दीडशे वर्गणीदार मिळाले की सुटलो, असे वाटावे, आणि तसे तुम्ही लिहिलेही आहे. पण वाढलेल्या प्रत्येक वर्गणीदारामागे छपाई आणि टपालही वाढते. शिवाय या खर्चात तुमच्या श्रमाचा एक रुपयाही नाही. तुमच्या पत्नी शाळेतून आल्यावर रात्री मुद्रिते तपासतात आणि पाकिटांवर पत्ते चिकटवतात, हे तुम्ही एका ओळीत लिहिले आहे. त्यांच्याही श्रमाचा रुपया नाही. दोघांच्या कामाचे, अगदी गावातल्या मजुरीच्या दराने, मोल धरा आणि मग तूट किती ते पाहा. हा आकडा पाहून निराश व्हा असे मी म्हणत नाही. ६४० चे ८०० झाल्याने हा प्रश्न सुटणार नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होईल. आणि हो, मासिक विकावे की ठेवावे, याबद्दल तुमच्या पत्नीचे मत काय आहे, हे पत्रात कुठेच आले नाही. मामेभावाचे मत मात्र तीन ठिकाणी आहे.

तुमच्या पत्राच्या शेवटी, ताजा कलम म्हणून, तुम्ही जे लिहिले आहे ते खरे तर सुरुवातीला यायला हवे होते. संध्याकाळी सात ते नऊ तुमचा फोन वाजत असतो: सौर पंपाच्या कंट्रोलरचा दिवा लुकलुकतो म्हणजे काय, जीपीएसमध्ये जपलेल्या खडपांच्या खुणा नव्या यंत्रात कशा घ्यायच्या, सातबारा ऑनलाइन दिसतो पण उतरवता का येत नाही. गेल्या जुलैत तुम्ही बंदरावर दोन दिवस बसून होड्यांवरची यंत्रे तपासून दिलीत आणि चहाखेरीज काही घेतले नाहीत. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची आपल्याकडे जुनी सवय आहे, आणि तिचे मला कौतुकही आहे. पण तुमच्या उत्पन्नाची जागा याच फोनांमध्ये आहे, असे मला वाटते, आणि ती तुम्ही फुकट देऊन मोकळे होता.

तंत्रज्ञानावरची मासिके एकटीच्या बळावर क्वचितच जगली आहेत. त्यांच्या शेजारी बहुधा दुसरा एखादा व्यवसाय उभा असतो आणि मासिक त्याची ओटी असते. ‘सायंटिफिक अमेरिकन’ हे नाव तुम्हाला ठाऊक आहे. रूफस पोर्टर या चित्रकार आणि संशोधक गृहस्थांनी ते १८४५ मध्ये साप्ताहिक म्हणून काढले आणि दहा महिन्यांत अवघ्या ८०० डॉलरना विकून टाकले. घेणारे मन आणि बीच यांनी त्याच्या जोडीला पेटंट मिळवून देण्याची कचेरी थाटली. वाचक हेच संशोधक, त्यांचा शोध अंकात यायचा आणि त्यांच्या पेटंटचे काम कचेरीत. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९०८ मध्ये ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’ काढले, तेव्हा ते टपालाने रेडिओचे सुटे भाग विकत होते. आपल्याकडे शं. वा. किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले ते नांगर आणि चरक बनवणाऱ्या कारखान्याचे मुखपत्र म्हणून. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ झाले आणि घरोघर पोचले. दिल्लीच्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ने १९६९ पासून सर्किटे छापली, आणि त्यांच्या समूहानेच पुढे ती जोडायला लागणारे सुटे भाग विकले.

शेजारचा व्यवसाय असला की सगळे सुखरूप पार पडते, असेही नाही. ‘मेक’ हे हाताने वस्तू करणाऱ्यांचे अमेरिकी त्रैमासिक २००५ मध्ये निघाले, त्याच्या जोडीला मोठमोठे मेळे भरू लागले, तरीही त्यांची कंपनी २०१९ च्या जूनमध्ये बंद पडली; नंतर ते लहान स्वरूपात पुन्हा सुरू करावे लागले. मोठ्या मेळ्याला मोठा प्रायोजक लागतो आणि तो एका वर्षी आला नाही की सारे कोसळते. माझा स्वतःचा अनुभवही फार वेगळा नाही. मी अकरा वर्षे दिवाळी अंक काढत होते. एका व्यापारी संस्थेची रंगीत जाहिरात सलग तीन वर्षे मलपृष्ठावर छापली आणि पैसे एकाच वर्षाचे आले. तिच्या भरवशावर मी कागद उचलला होता. त्या कागदाचे देणे फेडायला मला पुढची दोन वर्षे शिकवण्या घ्याव्या लागल्या. म्हणून तुमच्याबाबतीत मी मेळा किंवा प्रायोजक असे काही सुचवणार नाही. लहान, रोख आणि ऋतूला धरून असलेले काम सुचवीन.

आपल्या किनाऱ्याचे वर्ष सरकारी वर्षासारखे नसते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि यंत्रे उघडायला तेवढीच फुरसत मिळते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास समुद्रात जायची घाई सुरू होते. मोहोराच्या दिवसांत बागायतदाराच्या डोक्यात फवारणीखेरीज काही नसते, आणि मेअखेर वीज कडाडू लागली की प्रत्येकाला इन्व्हर्टर, टीव्ही, राउटर आठवतात. तुम्ही मात्र बाराही महिने एकाच जाडीचा अंक काढता, आणि एप्रिल-मे महिन्यांत, पेट्या भरायच्या गडबडीत, तो कोणी उघडतही नाही, हे तुम्हीच लिहिले आहे. तर मासिकाचे त्रैमासिक करा: मेअखेर पावसाळ्यापूर्वीचा, ऑगस्टमध्ये हंगामाचा, दिवाळीला जरा जाड आणि जानेवारीअखेर बागांचा. छपाई आणि टपाल यांचा खर्च बाराऐवजी चार वेळा येईल, त्यातला थोडा पानांच्या वाढीत जाईल. ज्यांनी बारा अंकांची वर्गणी भरली आहे त्यांना आधी पत्र लिहा, उरलेल्या अंकांचा हिशेब सांगा आणि ज्याला पैसे परत हवे असतील त्याला ते द्या. नियतकालिकाचा कालावधी बदलला की नोंदणीतही बदल करून घ्यावा लागतो. १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झाल्यामुळे हे अर्ज आता ऑनलाइन करायचे असतात, आणि तुमच्यासारख्याला ते जड नाही.

वाचलेला वेळ सेवेत घाला, पण तिला दर लावा. जुलैत बंदरावर यंत्रतपासणीचे दोन दिवस, होडीमागे ठरावीक आकार, वर्गणीदाराला सवलत. ऑक्टोबरात सौर पंप आणि ड्रोन फवारणीवर एक दिवसाचा वर्ग, गटागटाने, कारण बागायतदार एकटा पैसे द्यायला कां-कू करतो पण दहाजण मिळून सहज देतात. संध्याकाळच्या फोनसाठी आठवड्यातले दोनच दिवस ठेवा. काही लोक नाराज होतील, होऊ द्या. एका वर्षात या कामातून ४५ हजारांची तूट भरून तुमच्या पगाराचा काही भाग सुटला, तर मासिक ठेवण्यात अर्थ आहे. नाही सुटला, तर विकण्याचा विचार तुम्ही तेव्हा अधिक माहितीनिशी कराल.

आता मुंबईच्या कंपनीकडे वळते. विकणे म्हणजे हरणे नव्हे, हे बनेल आणि ग्रीन यांच्यावरून तुमच्या ध्यानात आले असेल, आणि आपल्या मातीतले उदाहरण हवे असेल तर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर आहेतच. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी ‘दर्पण’ काढले, १८४० मध्ये ते थांबले आणि त्याच वर्षी विज्ञान, भूगोल, इतिहास सोप्या मराठीत सांगणारे ‘दिग्दर्शन’ हे मासिक त्यांनी काढले. मधल्या काळात ते एल्फिन्स्टन संस्थेत शिकवतही होते. आपण ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा करतो, पण ‘दर्पण’ आठ वर्षांत थांबले, हे त्या दिवशी कोणी सांगत नाही.

परंतु तुम्ही नेमके काय विकत आहात, हे मात्र नीट पाहा. कंपनीने जुने अंक मागितलेले नाहीत, छपाईची व्यवस्था मागितलेली नाही. तिला नाव आणि यादी हवी आहे. त्या यादीतल्या लोकांनी आपला पत्ता आणि फोन क्रमांक तुम्हाला अंक पोचावा म्हणून दिला. तो दुसऱ्याच्या हाती गेला आणि त्यांना रात्रंदिवस कर्जाचे आणि विम्याचे फोन येऊ लागले, तर बंदरावर तुम्हाला मान वर करून चालता येणार नाही, आणि ते नुकसान कोणत्याही रकमेने भरून निघणार नाही. म्हणून यादी द्यायची असेल, तर वाचकांना आधी पत्राने विचारा आणि जे हो म्हणतील त्यांचीच नावे द्या. कंपनीला हे मान्य नसेल, तर तिला मासिक चालवायचे नाही, एवढे त्यावरून उघड होईल.

दुसरे असे, की व्यवसायाचा नावलौकिक विकणाऱ्यावर, ठरवलेल्या प्रदेशात तसाच व्यवसाय न करण्याचे वाजवी बंधन घालता येते. १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमात तेवढा अपवाद आहे. म्हणजे करारात तसे कलम असले, तर दोन वर्षांनी संपादकपद संपल्यावर रत्नागिरीत बसून तुम्हाला दुसरे मासिक काढता येणार नाही. बनेल आणि ग्रीन यांना पुन्हा उभे राहता आले, ती वाट तुम्ही सहीनिशी बंद कराल. ते कलम काढून घ्या, किंवा त्यातला काळ आणि प्रदेश आवळून घ्या, आणि वर्ग व दुरुस्तीची कामे त्यातून स्पष्ट शब्दांत वगळा. तिसरे, पाहुण्या लेखकांचे लेख. त्यांनी हक्क लेखी दिलेले नसतील, तर ते तुमचे नाहीत आणि तुम्हाला विकताही येत नाहीत.

या सगळ्याआधी एक साधी गोष्ट करा. मासिकाच्या नोंदणीचा कागद काढा आणि मालक म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहा. तुम्ही लिहिले आहे की सुरुवातीला नोकरीच्या राजीनाम्याचे व्हायचे होते, म्हणून अर्ज थोरल्या बंधूंच्या नावाने केला होता आणि "नंतर बदलून घेऊ" असे ठरले होते. नंतर बदलून घेतल्याचा उल्लेख पत्रात नाही. तसे असेल तर आज तुम्ही मासिक विकूही शकत नाही आणि मामेभावाला भागीही देऊ शकत नाही. बंधूंशी कितीही सख्य असले तरी हे काम पुढे ढकलू नका.

पुण्याच्या नोकरीबद्दल थोडेच सांगते. पूर्णवेळ परत जाण्याची घाई मला दिसत नाही, पण यंत्रांच्या मराठी माहितीपुस्तिका लिहिण्यासारखे काम घरबसल्या मिळत असेल, तर ते जरूर घ्या. बनेल यांची सुरुवात तिथूनच झाली होती. वडिलांच्या कलमांवर कर्ज काढण्याचा विचार मात्र सोडून द्या. एका अवकाळी पावसाने त्या उत्पन्नाचे काय होते, ते तुम्ही पाहिले आहे.

कंपनीला पंधरा दिवसांत उत्तर हवे आहे, तर उत्तर द्या, पण होकार किंवा नकार देऊ नका. यादीबाबत वाचकांची संमती, बंधनाच्या कलमाचा मसुदा आणि रकमेतला किती भाग नावाचा व किती पगाराचा, हे तीन मुद्दे लेखी विचारा आणि तीन महिन्यांची मुदत मागा. ज्याला खरेच घ्यायचे आहे तो थांबतो. मसुदा आला की रत्नागिरीतल्या एखाद्या दिवाणी वकिलांना दाखवा आणि त्यांच्याकडे जाताना पत्नीलाही सोबत न्या.

सौर पंपाच्या कंट्रोलरवरचा अंक माझ्याकडे आलेला नाही. काकींच्या भावाला तो हवा आहे. सोबत वर्षाच्या वर्गणीचे ३०० रुपये त्यांच्या नावाने पाठवत आहे.